अवर्षणातील पीक आणि वेळेवरचे पाणी
(साह्यनिधीच्या सभेत समितीच्या वतीने झालेले भाषण)



दुष्काळनिवारणाच्या सभेत धान्याची पोती, कडब्याच्या पेंढ्या आणि जमलेला निधी यांचा हिशेब वाचून दाखविण्याचा प्रघात आहे. आज आम्ही आपली अनुज्ञा घेऊन एका निराळ्या हिशेबाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. हा हिशेब कोणत्याही कचेरीत लिहिला जात नाही. तो तहानलेल्या ज्वारीच्या पानात चालतो. पाऊस दगा देतो, पीक शेतात उभे असते, विहिरीत थोडे पाणी शिल्लक असते, आणि प्रश्न पडतो की हे पाणी पिकाला द्यावे काय, द्यावे तर केव्हा, आणि कोणाच्या शेताला आधी? या प्रश्नाच्या उत्तरावर जे द्रव्य खर्च व्हावयाचे ते आपले असते. तेव्हा त्या उत्तरामागील कारण आपणांस समजले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

व्यापारी बंधूंना समजेल अशा भाषेत बोलावयाचे तर पान ही रोपाची पेढी होय. या पेढीवर तीन वस्तूंची आवक असते: सूर्याचा प्रकाश, मुळांनी आणलेले पाणी, आणि हवेतील कर्बद्विप्राणिद वायु, ज्यास आम्ही पुढे संक्षेपाने कर्बवायु म्हणू. पानातील हरितद्रव्य प्रकाशाची शक्ती धरून ठेवते आणि त्या शक्तीच्या बळावर कर्बवायूपासून साखर तयार होते. या क्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात. कणसातला दाणा, दावणीतला कडबा, जमिनीतले मूळ, हे सर्व त्याच साखरेतून उभे राहते.

कर्बवायु आत यावा म्हणून पानाच्या त्वचेवर अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांस पर्णरंध्रे हे नाव आहे. परंतु ज्या दारातून कर्बवायु आत येतो त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते, आणि हा सौदा रोपाला फार महाग पडतो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील ॲक्रन येथे ब्रिग्ज आणि शांट्झ या दोघा शास्त्रज्ञांनी १९१० नंतरच्या दशकात मोजमापे करून दाखविले की, एक शेर सुका माल तयार करण्यास ज्वारीला सुमारे ३०० ते ३५० शेर आणि गव्हाला ५०० शेरांहून अधिक पाणी लागते. ज्वारी, बाजरी, मका व ऊस यांच्या पानांत कर्बवायु गोळा करून आतल्या कोठारात दाटीने साठविण्याची सोय असते, त्यामुळे दार किलकिले ठेवूनही त्यांचे काम काही काळ चालते. हरभरा, तूर, करडई, गहू व कापूस यांना ही सोय नाही. आमच्या कोरडवाहू मुलखाने ज्वारी-बाजरीला जवळ केले त्याचे एक कारण या रचनेत आहे.

आता अवर्षण पडले म्हणजे काय होते ते पाहू. जमिनीतील ओल हटू लागताच मुळांना व पानांना त्याची खबर लागते. रोपात एक विशिष्ट आम्ल तयार होऊ लागते. त्याचे शास्त्रीय नाव ॲब्सिसिक आम्ल. ते पर्णरंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींपर्यंत पोहोचले की त्या पेशी सैल पडतात आणि दार मिटते. पाण्याची उधळपट्टी थांबते, पण कर्बवायूची आवकही थांबते. पानाची वाढ तर याच्याही आधी खुंटलेली असते. दुपारच्या उन्हात ज्वारीची पाने सुरळीसारखी वळलेली दिसतात ती या वेळी. ही अवर्षणाची पहिली अवस्था. या अवस्थेत पेढीचे दार लावलेले असते, पण आतली यंत्रे, वजनकाटे, वह्या, मुनीम सर्व जागच्या जागी असतात. शहाणा व्यापारी मंदीत दुकान काही दिवस बंद ठेवून भांडवल राखतो, तसाच हा प्रकार आहे.

परंतु दार लावले तरी वर सूर्य तळपतच असतो. प्रकाशाची शक्ती पानात येत राहते आणि तिला खर्च करावयास कर्बवायु नसतो. वाफ बाहेर जात नाही म्हणून पान थंडही होत नाही. या अडकून पडलेल्या शक्तीपैकी बराचसा भाग पान उष्णतेच्या रूपाने टाकून देते. तरी जी उरते तिच्यापासून दाहक स्वरूपाचे प्राणवायु उत्पन्न होतात आणि ते हरितद्रव्याच्या यंत्रणेलाच इजा करू लागतात. ओल आणखी हटली, पानातील पाणी त्याच्या पूर्ण तृप्तीच्या सुमारे शेकडा ७० च्या खाली गेले, म्हणजे कर्बवायु पकडणारी प्रथिने मंदावतात आणि शक्तीचा पुरवठा तुटू लागतो. देठाकडून पानाकडे पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरून त्या बंद पडतात. रोप खालची पाने मोडून त्यांतील द्रव्य वरच्या भागाकडे नेते, आणि ती पाने पिवळी पडून वाळतात. ही दुसरी अवस्था. येथे पेढीचे दार तर बंद असतेच, पण आतले यंत्रसुद्धा विकावयास निघालेले असते. पहिल्या अवस्थेला आपण मंदी म्हणू. दुसरीला दिवाळे हाच शब्द योग्य.

आज जी गोष्ट मुख्यत्वेकरून सांगावयाची आहे ती येथेच आहे. दोन्ही अवस्थांतील पिकाला तेच पाणी, तितकेच पाणी दिले, तरी फळ एकसारखे मिळत नाही. पहिल्या अवस्थेतील रोपाला पाणी मिळाले की पाने काही तासांत ताठ होतात, रंध्रे उघडू लागतात आणि प्रकाशसंश्लेषण बहुधा एक-दोन दिवसांत पूर्ववत् होते. दुसऱ्या अवस्थेतील रोपाचीही पाने दुसऱ्या सकाळी टवटवीत दिसतात, आणि पाहणारा समाधानाने घरी जातो. परंतु आतले काम पुष्कळदा पहिल्या दिवशी निम्म्याच्या आसपासच परत येते. उरलेले परत येण्यास मोडलेली प्रथिने नव्याने घडावी लागतात आणि त्यास कित्येक दिवस लागतात. काही पानांत ते पूर्वीच्या पातळीवर पुन्हा कधीच येत नाही, आणि जे पान वाळले ते तर गेलेच. म्हणजे पाण्याचे मोल पाण्यात नाही, ते पोहोचण्याच्या दिवसात आहे. आठ दिवस उशिरा दिलेल्या पाण्यासाठी वीज तितकीच जळते, मजुरी तितकीच पडते, विहीर तितकीच उपसते. मात्र पदरात पडणारा दाणा कमी होतो.

यावर कोणी म्हणेल की, ही अवस्था शेतकऱ्याने ओळखावी कशी? त्यास प्रयोगशाळेची गरज नाही. दुपारी पाने वळली आणि पहाटे पुन्हा उलगडून मोकळी झाली, तर रोपाला रात्रीतून पाणी भरून काढता येते, असे समजावे. पहाटेलाही पाने वळलेलीच राहिली तर मात्र घटका भरत आली. आमच्या स्वयंसेवकांनी पाहणीस जावयाचे ते पहाटे जावे असा आमचा आग्रह आहे, तो याचसाठी. भर दुपारी पाहिलेले प्रत्येक शेत सारखेच केविलवाणे दिसते, आणि त्यावरून कोणाला आधी द्यावे ते ठरत नाही.

पिकाचे वयही पाहिले पाहिजे. सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगर या टापूत रब्बीची ज्वारी बहुतेक जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. हस्ताच्या पावसाच्या सुमारास पेरावयाची, आणि पुढे पाऊस येईलच अशी खात्री नसताना माघापर्यंत तिला तग धरावयास लावावयाचे, हा तिचा जन्मक्रम आहे. पेरणीपासून सुमारे ५० ते ५५ दिवसांनी ती पोटरीत येते, ७० ते ७५ दिवसांनी फुलोरा येतो आणि त्यानंतर दाणा भरतो. पोटरी व फुलोरा या काळात तहान लागली तर कणसात दाणेच कमी धरतात. मागाहून कितीही पाणी दिले तरी न धरलेला दाणा धरत नाही. दाणा भरताना तहान लागली तर रोप धाटात साठविलेली साखर कणसाकडे ओढून नेते. त्याने दाणा काही अंशी सावरतो, पण धाट पोकळ व दुबळे होते आणि खडखड्या रोगाला वाट मिळते. मग ज्वारी लोळते, आणि दाणा व कडबा दोहोंना धक्का बसतो. हरभरा, तूर व कापूस यांची प्रकृती थोडी निराळी आहे. त्यांना एक बहर गेल्यावर ओल मिळाली तर पुन्हा फुले येऊ शकतात. ज्वारीला कणीस एकदाच येते. म्हणून पाणी एकाच पाळीपुरते असेल, तर ते ज्वारीस पोटरीच्या सुमारास देणे हितावह, आणि हरभऱ्यास फुलोरा ते घाटे भरण्याच्या काळात.

आता पाण्याचे मोजमाप सांगतो, कारण दानाची दिशा त्यावरून ठरते. एक एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर. दहा हजार लिटरांच्या टँकरने एवढे पाणी आणावयाचे तर दहा खेपा होतात, आणि एका इंचाने तापलेल्या काळ्या रानाची तहान भागत नाही. म्हणून टँकर माणसांसाठी व जनावरांसाठी. पिकाला टँकरने वाचविण्याची कल्पना कितीही दयाळू असली तरी हिशेबात बसत नाही. पिकाला वाचविते ते शेताजवळच आधी साठवून ठेवलेले पाणी. वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असे उतरत्या कडांचे शेततळे भरले म्हणजे त्यात सुमारे २२ लक्ष लिटर पाणी मावते. प्रत्येक एकरास दोन इंचांची एक पाळी धरली तर कागदावर ते दहा एकरांस पुरते. बाष्पीभवन व झिरपा वजा जाता त्याहून कमी एकर भिजतील, तरी एका कुटुंबाचे वर्ष त्यात निभावते.

पाण्याइतकेच महत्त्व ओल राखण्याला आहे. काळी जमीन वाळू लागली की भेगाळते, आणि त्या भेगांतून खोलची ओल उडून जाते. कोळपणी केली की भेगा बुजतात व वर भुसभुशीत मातीचे पांघरूण पडते. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे कोरडवाहू मुलखातील जाणते लोक सांगतात. पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ पासून आणि सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे जे पद्धतशीर प्रयोग झाले, त्यांचाही रोख बांध घालणे, विरळ पेरणी व वरचेवर कोळपणी यांवर होता. मोहोळ येथे मालदांडीतून निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी आजही रब्बीत पेरली जाते, यावरून त्या काळच्या कामाचे मोल ध्यानात येईल. ज्याच्या बैलांना चारा नाही त्याची कोळपणी राहते, आणि ज्याची कोळपणी राहते त्याची ओल उडते. तेव्हा मार्गशीर्षात दिलेला चारा हा जनावरावरचा उपकार आहे तसाच उभ्या पिकावरचाही आहे.

एक सावधगिरीची सूचना येथे दिल्यावाचून राहवत नाही. तहानेने खुंटलेल्या ज्वारीला अकस्मात पाऊस किंवा पाणी मिळाले की बुडख्यातून कोवळे फुटवे येतात. हिरवे दिसते म्हणून शेतकरी भुकेले जनावर त्यात सोडतो. परंतु खुंटलेल्या ज्वारीत व अशा कोवळ्या फुटव्यांत जनावराच्या पोटात जहर बनणारे द्रव्य दाटलेले असते, आणि जनावराला किराळ लागून ते पाहता पाहता दगावते. जे रान पाण्याने पुन्हा जिवंत झाले, तेच बैल मारते, असा हा दैवदुर्विलास होय. पीक सावरू लागल्यावर समितीचे काम संपले असे न समजता, ही सूचना प्रत्येक वस्तीवर पोहोचविणे हाही साह्याचाच भाग आम्ही मानतो.

आम्ही आपणांस हेही स्पष्ट सांगणे आपले कर्तव्य समजतो की, सर्वच शेते वाचविता येत नाहीत. मुरमाड, उथळ जमिनीत ओल लवकर संपते व रोप एकदम दिवाळ्याच्या अवस्थेस जाते. खोल काळ्या रानात ते सावकाश कोरडे पडते, आणि सावकाश आलेल्या तहानेला रोप काही अंशी सरावतेही. ज्या शेताची वरची पाने वाळली, कणीस बाहेर येण्याचे चिन्ह नाही, त्यावर पाणी घालणे म्हणजे बुडालेल्या पेढीत नवे भांडवल ओतणे होय. अशा शेताचा मालक आमच्यापुढे हात जोडून उभा राहिला असता त्यास नाही म्हणणे फार कठीण जाते. परंतु त्याला पाणी दिले तर शेजारच्या, अद्याप वाचण्याजोग्या शेताचे पाणी जाते. म्हणून त्याचे वाळलेले पीक वैरणीसाठी कापून घ्यावे, आणि त्या कुटुंबाला पाण्याऐवजी धान्य, मजुरी व पुढील हंगामाचे बियाणे द्यावे, हाच न्याय्य मार्ग आम्हांस दिसतो. दया दोघांवर सारखीच असावी. साधन मात्र ज्याच्या त्याच्या स्थितीप्रमाणे निराळे असावे.

जे रोपाचे तेच माणसाचे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पुष्कळ लोक दुष्काळी कामांवर आले ते हाडांचे सापळे होऊन, आणि अशांना केवळ अन्न पुढे ठेवून वाचविता आले नाही. लोकांच्या अंगी बळ आहे तोवरच कामे सुरू करावीत, हे तत्त्व त्यानंतरच्या दुष्काळसंहितांत आले, ते या महाग पडलेल्या अनुभवातून. १९७२ च्या दुष्काळात मे १९७३ पर्यंत सुमारे ५० लक्ष माणसे महाराष्ट्रात कामांवर होती. त्यांना हाताला काम मिळाले म्हणून लक्षावधी घरे सावरली, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. ज्याचे बैल, भांडी व जमीन अजून शाबूत आहेत त्याला थोडके साह्य पुरते. ज्याने ती विकली त्याला दसपट देऊनही पूर्वीचा शेतकरी करता येत नाही.

तरीही आमच्या समाजात दानाचा ओघ वाहू लागतो तो चैत्र-वैशाखात. विहिरी तळाला जातात, हंड्यांच्या रांगा लागतात, त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, आणि मन द्रवते. ते दान पुण्याचेच आहे. त्याने माणसांच्या मुखी पाणी पडते. परंतु ज्वारीचा निकाल तोवर लागून गेलेला असतो. तो लागतो कार्तिक-मार्गशीर्षात, जेव्हा शहरात दिवाळीचे दिवे नुकतेच मालवलेले असतात आणि दुष्काळाची कोणाला आठवणही नसते. चैत्रात एका कुटुंबाला पुढील पीक येईपर्यंत पोसावयाचे, यापेक्षा कार्तिकात त्याच्या पोटरीतल्या ज्वारीला एक पाळी पोहोचविणे स्वस्त आहे, आणि त्यात त्या कुटुंबाचा स्वाभिमानही राहतो, कारण ते दाणे ते स्वतःच्या रानातून घरी आणते.

यास्तव आमची विनंती तीन प्रकारची आहे. व्यापारी बंधूंनी आपली देणगी मागणीची वाट न पाहता भाद्रपदातच समितीच्या स्वाधीन करावी, म्हणजे हस्त कोरडा गेला तर पंप, पाइप व इंधन यांची तजवीज त्याच पंधरवड्यात करता येईल. बागायतदार गृहस्थांना आमचे मागणे थोडे अवघड आहे. आपल्या उसाला वर्षभरात २००० मिलिमीटरांहून अधिक पाणी लागते. ज्वारीची संरक्षित पाळी सुमारे ५० मिलिमीटरांची. आपल्या विहिरीच्या पाळ्यांतून एकच पाळी बांधाला बांध लागून असलेल्या कोरडवाहू शेजाऱ्यास, त्याची ज्वारी पोटरीत असताना दिली, तर आपला ऊस त्याने मरावयाचा नाही आणि त्याचे वर्ष मात्र तरेल. अन्य दात्यांनी उन्हाळ्यात गाळ काढण्यास व तळी खोदण्यास साह्य करावे. कारण कार्तिकात द्यावयाचे पाणी ज्येष्ठाआधी जागा करून ठेवल्याखेरीज साठत नाही.

फूल ना फुलाची पाकळी, जे आपण द्याल ते आम्ही शिरोधार्य मानू, आणि त्याचा पैचा पैसा हिशेब आपणांपुढे ठेवू. परंतु देणगी किती दिली याबरोबर ती कोणत्या महिन्यात दिली हेही पावतीवर लिहिलेले असते, इकडे आपण कृपा करून लक्ष द्यावे. तहानलेल्या पानाच्या लेखी त्या तारखेला फार किंमत आहे.